अमेरिकेत प्रायव्हेट हायस्कूल अ‍ॅडमिशन – एसएसएटीचा स्कोअर किती मनावर घ्यायचा?

मंडळी, मदत हवीये. लेक आठवीत आहे, पब्लिक (म्हणजे इथल्या सरकारी) स्कूलमध्ये, नववीपासून प्रायव्हेटला टाकायचा विचार चाललाय, तीन शाळांचे फॉर्म अर्धवट भरून पडलेत आणि डेडलाइन जानेवारीच्या मध्यात. एसएसएटीचा (प्रायव्हेट शाळांची प्रवेश परीक्षा, अप्पर लेव्हल) निकाल आला आणि घरात सगळे गप्पच झालेत. क्वांटिटेटिव्ह ८४ पर्सेंटाइल, रीडिंग ७०, व्हर्बल ४९. राज्याच्या टेस्टमध्ये ही पोरगी दरवर्षी ९५ च्या वर असते, शाळेत सगळे ए, त्यामुळे ४९ बघून मला वाटलं दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट आला की काय.

तीनपैकी एका शाळेला स्कोअर लागतोच, दोन टेस्ट ऑप्शनल आहेत (स्कोअर पाठवा किंवा नका पाठवू). तर त्या दोघींना पाठवायचा का? नाही पाठवला तर "काहीतरी लपवतायत" असं धरतात का? की जानेवारीत परत बसवू, पण मग निबंधांचा वेळ त्यातच जाणार. शिवाय आम्ही फायनान्शियल एडसाठीपण अर्ज करतोय, त्यात स्कोअर बघतात का?

(पब्लिक चांगलं की प्रायव्हेट हा वाद इथे नको प्लीज, घरी रोज होतो तेवढा पुरे.)

प्रतिसाद:
आधी तो ४९ नीट समजून घ्या. राज्याच्या टेस्टला पब्लिक स्कूलची जवळपास सगळी मुलं बसतात. एसएसएटीला बसणारी मुलं म्हणजे ज्यांना प्रायव्हेटला जायचंय, त्यातली बरीचशी क्लास लावून आलेली, आणि पर्सेंटाइल निघतो तो त्यांच्यातलाच. म्हणजे या गर्दीत ती बरोब्बर मध्यावर आहे. आयएसईई या दुसऱ्या प्रवेश परीक्षेचंही तेच, तिथे १ ते ९ अशा पायऱ्या (स्टॅनाइन) देतात आणि राज्यात ९५ वाली मुलं ५-६ घेऊन येतात, आईबाप हबकतात. दरवर्षी हाच सीझन आणि हाच प्रश्न असतो :)

प्रतिसाद:
व्हर्बलमध्ये तिने किती प्रश्न सोडले आणि किती ठोकून दिले ते विचारा. ६० प्रश्न, ३० मिनिटं, अर्धे समानार्थी शब्द आणि अर्धे अ‍ॅनालॉजी (शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखायचं). चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात, सोडलं तर शून्य. पाचांतला एखादा जरी पर्याय नक्की बाद करता आला तर ठोकावं, काहीच कळत नसेल तर पुढे जावं. आयएसईईला निगेटिव्ह नाही, तिथे सगळं भरून यायचं. मुलं दोन्हीचे नियम हमखास गोंधळतात.

धागाकर्ती:
विचारलं. शेवटचे दहाबारा "वेळ संपत आली म्हणून बी-बी-बी" केलेत म्हणे. धन्य!

प्रतिसाद:
मी एका शाळेत शिकवायचो तेव्हा अ‍ॅडमिशन कमिटीवर होतो, नाव सांगत नाही, आणि सगळ्या शाळा अशाच चालतात असंही नाही. आमच्याकडे फाइल उघडली की पहिल्यांदा ट्रान्सक्रिप्ट (शाळेतले ग्रेड), मग गणित आणि इंग्लिशच्या टीचरची रेकमेंडेशन्स, मग इंटरव्ह्यूच्या नोट्स. स्कोअर एवढ्याचसाठी बघायचो की आमचा अभ्यास हिला झेपेल का. एकट्या ९५ वर कुणाला घेतल्याचं आठवत नाही. पण सगळे ए आणि स्कोअर अगदी तळाला असं असलं की थांबायचो, त्या शाळेत ए किती स्वस्त आहे हा विचार यायचाच. तुमच्या मुलीचं तसं नाहीये, गणित ८४ आहे.

आणि एक गोष्ट कुणी लक्षातच घेत नाही, ती म्हणजे रायटिंग सँपल. २५ मिनिटांत लिहिलेला तो मजकूर, त्याला मार्क नसतात म्हणून मुलं कंटाळून काहीतरी खरडतात, पण स्कोअरबरोबर तोही शाळेला जातो आणि आम्ही तो वाचायचो. अर्जातला निबंध चारजणांनी घासूनपुसून दिलेला असतो, हा मात्र मुलाने एकट्याने बसून लिहिलेला. व्हर्बल कमी आणि हे लिखाण झकास, असं असलं की आम्ही व्हर्बलकडे फार बघायचो नाही.

टेस्ट ऑप्शनलला नाही पाठवलं तर आम्ही मार्क कापायचो नाही, फक्त बाकीच्या फाइलवर जास्त भार यायचा. शाळा आपला सरासरी एसएसएटी पर्सेंटाइल साइटवर देत असेल तर बघा. ती सरासरी आहे, त्याच्या खालचीही बरीच मुलं घेतलेली असतात, पण तुम्ही खूपच खाली असाल तर ठेवा झाकून. एड बहुतेक ठिकाणी कुटुंबाची ऐपत बघून ठरते, स्कोअर बघून नाही. मेरिट स्कॉलरशिप वेगळी, तिथे स्कोअर कामाला येऊ शकतो.

परत बसवायचं तर फक्त वेळेच्या प्रॅक्टिससाठी बसवा. तीन आठवड्यांत शब्दसंग्रह वाढत नाही, बी-बी-बी मात्र थांबवता येतं.

धागाकर्ती:
खूप खूप आभार. एका ऑप्शनल शाळेची सरासरी ८६ दिसतेय, तिथे नाही पाठवत. दुसरी काही छापतच नाही. जिथे कंपल्सरी आहे तिथे जानेवारीचा स्कोअर डेडलाइननंतर पोचला तर चालेल का हे ईमेल करून विचारते आज.

प्रतिसाद:
विचारा, पण ईमेल लेकीला लिहू दे. नववीच्या अर्जाला आईचे ईमेल फार जातात.