ऑइल फिल्टर हलतच नाहीये, ऑइल काढून बसलोय, मदत हवी आहे

मंडळी, जरा तातडीने मदत हवीये. गाडी आत्ता जॅक स्टँडवर उभी आहे, जुनं ऑइल सगळं खाली ट्रेमध्ये, आणि फिल्टर काही केल्या निघत नाहीये. सकाळी १० ला सुरू केलं होतं, अर्ध्या तासाचं काम म्हणून, आता २ वाजलेत.

गाडी पेट्रोलवरची हॅचबॅक, ९ वर्षं जुनी. फिल्टर नेहमीचा, पत्र्याच्या डब्यासारखा, आट्यांवर फिरवून बसवायचा. इंजिनच्या मागच्या बाजूला आहे, तोंड वर आणि बूड खाली असा लटकलेला. घरी ऑइल बदलायची माझी ही पहिलीच वेळ, आतापर्यंत गॅरेजमध्येच द्यायचो, आणि गेल्या वेळी ज्याने कुणी हा फिल्टर बसवला त्याने कुणावरचा तरी राग त्याच्यावर काढलेला दिसतोय.

तर आधी नुसत्या हाताने करून बघितलं. हात बरबटलेला, फिल्टर बरबटलेला, नुसता सटकतो. मग रबरी ग्लोव्ह्ज घातले, मग फिल्टरला पॉलिश पेपर गुंडाळून बघितला, ढिम्म. मग शेजाऱ्यांकडून पट्ट्याचा पाना आणला, पण खालून एक्झॉस्टचा पाइप आडवा येतो म्हणून बॉनेट उघडून वरून हात घालून लावला, तर पट्टा आधी घसरला, मग एकदाचा धरला, आणि फिल्टर बोटभर फिरल्यासारखा वाटला, म्हटलं जमलं, पण त्यानंतर जो दगड झालाय तो झालाय. वर डब्याला मधोमध पोचा आलाय तो वेगळाच.

आता एका व्हिडिओत दाखवतात की डब्यात स्क्रू-ड्रायव्हर आरपार ठोकायचा आणि त्याचा दांडा करून फिरवायचा. करू का? की इंजिन ५ मिनिटं चालू करून गरम करू? गरम असलं की सुटतो म्हणतात. एका हातात हातोडी धरून टाइप करतोय, लवकर सांगा.

*प्रतिसाद*

आधी हातोडी खाली ठेवा. आणि ऑइल काढलेलं असताना इंजिन अजिबात चालू करायचं नाही, ५ मिनिटं काय, ५ सेकंदही नाही. आतली बेअरिंगं ऑइलच्या पातळ थरावर फिरतात, तो थर नसला की धातूवर धातू घासला जातो. गरम करायचं असतं ते ऑइल काढायच्या आधी, आणि तेही कोमट, नाहीतर हात भाजतो.

स्क्रू-ड्रायव्हरचं म्हणाल तर मी केलेलं आहे आणि पस्तावलोय. डब्याचा पत्रा पातळ असतो, फिल्टर खरंच जाम असेल तर तो फिरत नाही, पत्राच फाटतो. माझ्या हातात अर्धा डबा आला आणि बुडखा वर इंजिनला तसाच. इंजिनच्या जवळ ठोकलात तर मधला आट्यांचा नळ दुखावायची भीती, म्हणजे नवा फिल्टरही नीट बसणार नाही. आणि एकदा भोक पडलं की फिल्टर निघेपर्यंत गाडी जागची हलवता येत नाही. आत्ता तुमचं काहीच बिघडलेलं नाहीये हे लक्षात घ्या. अगदीच नाही निघाला तर ड्रेन बोल्ट (जो काढून ऑइल सोडलंत तो) लावा, नवं ऑइल भरा आणि जुन्याच फिल्टरवर गॅरेज गाठा. ते फिल्टर काढतील तेव्हा थोडं ऑइल सांडेल, तेवढं वर भरायचं.

*प्रतिसाद*

एक बावळट प्रश्न विचारतो, रागावू नका. वरून पाना लावलात तेव्हा फिरवलात कुठल्या दिशेने?

*धागाकर्ता*

घड्याळाच्या उलट. उलटंच फिरवतात ना सोडवताना?

*प्रतिसाद*

हां, तिथेच घोळ आहे. उलटं म्हणजे फिल्टरच्या बुडाकडे तोंड करून बघितलं तर उलटं. तुम्ही बघत होता वरून, म्हणजे त्याच्या पाठीमागून. पाण्याची बाटली उलटी धरा, झाकण जमिनीकडे, आणि वरून बघत झाकण उघडा, हात कुठे वळतो बघा. तो बोटभर फिरला ना, तो सुटला नव्हता, आवळला गेला.

*धागाकर्ता*

आत्ता बाटली घेऊन बघितलं. अरे देवा. १५ मिनिटं अंगातला सगळा जोर लावून मीच आवळलाय तो. गॅरेजवाल्याबद्दल वर जे लिहिलं ते मागे घेतो. निदान अर्धं तरी.

*प्रतिसाद*

होतं हो, वरून वाकून बघितलं की डावं उजवं सगळं फिरतं. आता ऐका. पट्टा वापरणारच असाल तर इंजिनच्या जवळच्या कडेला लावा, तिथे आत जाड चकती असते म्हणून डबा दबत नाही, मधे पोकळ आहे म्हणूनच तुमचा पोचा आला. आणि पट्टा कुठल्या बाजूने गुंडाळला त्यावर तो एकाच दिशेला धरतो, तेही बघा. पण माझं ऐकाल तर तीन नख्यांचा पाना मिळवा, बुडावर बसतो, रॅचेटने, म्हणजे पाना फिरवायच्या दांड्याने, जितकं फिरवाल तितक्या नख्या जास्त आवळतात, मधे लांब एक्स्टेंशन (जोडदांडा) टाकलं की एक्झॉस्टही आडवा येणार नाही. बुडावर टोपीसारखा बसणारा कप पानाही चालतो, पण तो नेमक्या मापाचा लागतो आणि गुळगुळीत झालेल्या बुडावर गरगर फिरतो.

लावायच्या आधी डबा ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करा. हिसके देऊ नका, दांडा लांब घ्या आणि एकसारखा जोर वाढवत न्या. गाडी नुसत्या जॅकवर नाही ना, हे परत एकदा बघा, कारण आता तुम्ही खालून जोर लावणार आहात.

आणि निघाल्यावर जुन्या फिल्टरची रबरी रिंग त्याच्यावरच आहे का ते आधी बघा!! इतका जाम फिल्टर असला की रिंग बऱ्याचदा इंजिनलाच चिकटून राहते, तिच्यावर दुसरी चढली की चालू केल्या केल्या ऑइलची पिचकारी.

*धागाकर्ता*

निघाला!!! मित्राकडे नख्यांचा पाना होता, तो घेऊन यायला संध्याकाळ झाली. खालून लावला, बाटली शेजारी ठेवूनच दिशा ठरवली. पहिल्या दोनदा नख्या पत्र्यात रुतल्या नुसत्या, तिसऱ्यांदा कट्ट असा आवाज आला, मला वाटलं काहीतरी तुटलं, पण मग काळी धार मनगटावरून थेट कोपरापर्यंत आली आणि इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

आणि रिंग खरंच वरच राहिली होती. काळ्यावर काळी, दिसतच नव्हती, बोट फिरवलं तेव्हा कड लागली. नखाने सोलून काढली, कडक होऊन प्लास्टिकसारखी झालेली, वाकवली तर मोडली. ज्यांनी सांगितलं त्यांचे पाय कुठे आहेत?

नवीन फिल्टरच्या रिंगला बोटाने ताजं ऑइल लावलं, हाताने फिरवत नेला आणि रिंग टेकल्यावर डब्यावर लिहिलं होतं तसा पाऊण फेरा, पाना लावला नाही. ३.५ लिटर ऑइल घातलं, चालू केल्यावर ऑइलचा लाल दिवा २-३ सेकंदांत गेला. बंद करून थोड्या वेळाने ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक बघितली, दोन खुणांच्या मधे. खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलंय, अजून एकही थेंब नाही.

एकच राहिलं, या जुन्या ऑइलचं काय करू? ट्रे भरलाय.

*प्रतिसाद*

गटारात किंवा मातीत ओतू नका. नवं ऑइल ज्या कॅनमधून आलं त्यातच भरून झाकण घट्ट लावा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. फिल्टर रात्रभर ट्रेवर पालथा ठेवा, त्यातूनही बरंच निथळतं.

*धागाकर्ता*

ठेवला पालथा. आणि हो, नव्या फिल्टरच्या बुडावर पांढऱ्या मार्करने बाण काढलाय, "सुटतो" असं लिहून. झाकण कुठल्या बाजूला फिरवलं की घट्ट होतं ते मात्र कॅनवर नाही लिहिलं, तेवढं जमतं.