इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं सॉफ्टवेअर सुचवा (ऑफलाइन, बजेट १,००० रुपये)

द्राक्षवेल_पिंपळगाव
नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतजवळच्या द्राक्षांच्या एका पॅकहाउसच्या ऑफिसात मी काम करते. एक्स्पोर्टचे कागद सगळे इंग्रजीत येतात. औषधांची लेबलं, रेसिड्यूचे (फळात उरलेल्या औषधाचे) रिपोर्ट, खरेदीदाराच्या सूचना. बागायतदारांना आणि पॅकिंगच्या बायकांना कळेल असं त्याचं मराठी करून ग्रुपवर टाकायचं आणि भिंतीवर चिकटवायचं, हे काम माझ्या गळ्यात पडलंय.
लॅपटॉप जुना आहे, विंडोज ७, ४ जीबी रॅम. शेडमध्ये नेट येतं-जातं. म्हणून ऑफलाइन हवं आणि इंग्रजीवरून मराठी हवं. बजेट १,००० रुपये, तेही मालकांकडे मागावे लागतील.
गेल्या आठवड्यात एका भाषांतराच्या ॲपने 'केन'चं (वेलीच्या काडीचं) 'ऊस' केलं. "प्रत्येक उसावर एकच घड ठेवा" असा मेसेज १४० जणांच्या ग्रुपवर गेला. तेव्हापासून मी ऊसवाली ताई आहे.

सिडकोचा_राजा
ताई, विंडोज ७? आधी लॅपटॉप बदला. मी दिवाळीत ६८ हजारांचा घेतला, एकदम मख्खन. शिवाय भावाने अमेरिकेहून स्कॅनर पेन पाठवलाय. ओळीवरून फिरवला की अर्थ बोलतो. नऊ हजारांत पडला फक्त.

द्राक्षवेल_पिंपळगाव
मराठी बोलतो का?

सिडकोचा_राजा
मराठी अजून नाही आलं. हिंदी बोलतो. पण क्वालिटी बघा ना.

गोदाकाठ
मोल्सवर्थ. विषय संपला. १८३१ चा कोश, १८५७ ची वाढवलेली आवृत्ती, आजही त्याच्या तोडीचं काही नाही. शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे.

पंचवटीकर_काका
गोदाकाठ यांच्याशी सहमत. आमच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० ची, म्हणजे मोल्सवर्थच्या दोन आवृत्त्यांच्या मधली. तिथे बसून कोश चाळायची मजा या स्क्रीनवाल्यांना काय कळणार! एक शब्द शोधायला जावं आणि दहा घेऊन घरी यावं.

जुना_दुभाषी
काका, मजा मान्य, पण ताई पिंपळगावात आहेत. आणि मोल्सवर्थ मराठीवरून इंग्रजी आहे, त्यांना उलटं हवंय. साइटवर अर्थांच्या मजकुरात इंग्रजी शब्द शोधता येतो, पण त्याला नेट लागतं.
शिवाय त्यातलं लेखन जुनं आहे. तिथे 'नाव' टाकलंत तर होडी मिळेल. आपल्याला हवं ते 'नांव', अनुस्वारासकट. 'करणे' शोधायचं तर 'करणें'. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे अनुस्वार काढले, कोशात ते राहणारच. हे माहीत नसलं की माणूस म्हणतो, एवढ्या मोठ्या कोशात साधा शब्द नाही.

गोदाकाठ
म्हणूनच म्हणतो, अनुस्वार काढायलाच नको होते.

पंचवटीकर_काका
अगदी! आमच्या वेळी...

मेनरोडवाला
काका, तो वेगळा धागा काढा 🙏
माझा अनुभव: पंधराएक वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून शब्दकोशाची सीडी घेतली, ९५० रुपये. पहिले दोन महिने छान चालली. पुढे कॉम्प्युटर बदलला, तर सीडीबरोबरचा फॉन्ट नव्यावर बसेना. युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणारं मराठी, नव्हतं ना ते! फॉन्ट गेला की खाली नुसता रोमन अक्षरांचा भुसा. कंपनीचा फोन लागेना. सीडी आता घरी चहाच्या कपाखाली असते. तेव्हा पैसे देण्याआधी एकच गोष्ट बघा. त्यातला एक मराठी शब्द कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच दिसला तर घ्या.

कडक_चहा
मोल्सवर्थ बघितलं का? शिकागोच्या साइटवर फुकट आहे.

गंगापूररोडकर
अहो, आपल्या नाशिकच्याच सुनील खांडबहाले यांचा कोश कसा कुणाला आठवला नाही? घरचा माणूस सोडून शिकागोला कशाला जाताय? शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही ऑनलाइन आहेत, त्यात कृषिशास्त्राचा वेगळा आहे. कागदोपत्री मराठी लिहायचं असेल तर तो आधी बघा.

द्राक्षवेल_पिंपळगाव
कृषिशास्त्राचा बघते, धन्यवाद. पण कागदोपत्री मराठीनेच तर घोळ होतो. 'मिल्ड्यू'चं मी कोशात बघून 'बुरशी' लिहिलं होतं. मखमलाबादच्या एका काकांचा लगेच फोन, "बाई, केवडा का भुरी? औषध कोणतं मारू?"

मखमलाबाद_बाग
ते काका मी नव्हे, पण मीही हेच विचारलं असतं. डाउनी म्हणजे केवडा: पानावर तेलकट डाग, खालून पांढरी बुरशी. पावडरी म्हणजे भुरी: राख उधळल्यासारखी. दोन्हींची औषधं वेगळी. नुसतं 'बुरशी' लिहिलं तर माणूस चुकीचं मारून मोकळा होतो आणि रेसिड्यूच्या रिपोर्टमध्ये नको ते नाव येतं.
तुमची मूळ अडचण सॉफ्टवेअरची नाहीच ताई. 'केन' म्हणजे काडी, 'बेरी' म्हणजे मणी, 'रूटस्टॉक' म्हणजे खुंट. 'बॅक प्रूनिंग' म्हणजे मागची छाटणी नव्हे, एप्रिलची खरड छाटणी. 'फॉरवर्ड प्रूनिंग' म्हणजे ऑक्टोबरची गोडी छाटणी. आणि थिनिंग, डिपिंग, सबकेन तसंच ठेवा. 'थिनिंग'चं 'विरळणी' लिहिलंत तर आमच्या बागेतल्या बायका विचारतील, ते काय नवीन?

सिडकोचा_राजा
पेनला 'मणी' म्हटलं तर पैसे सांगतो 😂

जुना_दुभाषी
मखमलाबाद यांनी मुद्द्याचं सांगितलं. आता सॉफ्टवेअरचं सांगतो. 'गोल्डनडिक्ट' टाका. फुकट आहे, ऑफलाइन चालतं, जुन्या मशीनवर हलकं आहे. स्वतःचा कोश त्यात नसतो, ते नुसतं कपाट आहे, कोशाच्या फायली आपण भरायच्या. शब्द निवडून कंट्रोल दाबून ठेवत दोनदा सी दाबलं की अर्थाची खिडकी उघडते. इंग्रजीची हनस्पेल फाइल (शब्दाचं मूळ रूप ओळखणारी) जोडली की 'स्प्रेड' निवडलं तरी 'स्प्रे'वर जातं. मराठीत मात्र प्रत्यय आपल्यालाच सोलावे लागतात. 'वेलीवरच्या'मधून 'वेल' तुम्ही काढायची.
आणि खरी गंमत पुढे आहे. स्वतःची शब्दयादी त्यात घालता येते. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये वर दोन-तीन ओळी कोशाचं नाव आणि भाषा, खाली शब्द, त्याच्या खालच्या ओळीला टॅब देऊन अर्थ. फाइल डीएसएल म्हणून सेव्ह करायची. 'केन' टाकलं की ऊस खाली आणि तुमची काडी वर. एका संध्याकाळचं काम आहे.

कडक_चहा
गोल्डनडिक्ट भारी. मीही हेच सांगणार होतो.

मेनरोडवाला
तुम्ही मोल्सवर्थ सांगितलं होतं.

गंगापूररोडकर
रविवारी कुणी मिसळीला येतंय का, तिथेच ताईंचा लॅपटॉप सेट करून देऊ.

मेनरोडवाला
लॅपटॉपवर रस्सा सांडेल. मग राजाभाऊ म्हणतील नवा घ्या.

द्राक्षवेल_पिंपळगाव
सगळ्यांचे आभार. दोन दिवस गोल्डनडिक्ट वापरून बघितलं. चांगलं आहे, दुभाषी दादा, खोटं नाही बोलणार. पण मी सुट्टीवर असले की भिंतीवरच्या सूचना सुपरवायझर काका करतात आणि त्यांना एक्सेलशिवाय काही उघडत नाही. तेव्हा एक्सेलच. डावीकडे इंग्रजी, मध्ये बागेतला शब्द, उजवीकडे कागदोपत्री शब्द. २११ शब्द झाले. बहुतेक दुपारी पॅकिंगच्या बायकांना विचारून भरले. 'पीएचआय'ला शब्दच ठेवला नाही, सरळ "शेवटची फवारणी ते तोडणी, मध्ये सोडायचे दिवस" असं लिहिलं. ते लगेच कळलं सगळ्यांना.
एक अडलंय. 'शेतकऱ्यांना' शोधलं की निम्म्या ओळी सापडतात, निम्म्या नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

जुना_दुभाषी
तुमचा 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप झालाय. एका कीबोर्डने नुक्ता असलेला ऱ घेतलाय, दुसऱ्याने साधा र आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. एका ओळीतला 'ऱ्या' कॉपी करा आणि फाइंड-रिप्लेसने सगळीकडे तोच बसवा. पुढे काकांनी आणि तुम्ही एकच कीबोर्ड वापरा.
(एक्सेल निवडलंत म्हणून रागावलो नाही. थोडा रागावलोय.)

द्राक्षवेल_पिंपळगाव
झालं! ३७ ओळी सापडल्या. १,००० रुपयांतून यादीचे मोठे प्रिंट काढून लॅमिनेट करतेय, पाणी उडतं तिकडे.

मखमलाबाद_बाग
यादीत 'ओलांडा' (वेलीची आडवी फांदी) घेतला का? इंग्रजी कागदात 'कॉर्डन' येतं. नाहीतर काका पोलिसांचा बंदोबस्त लिहितील.

द्राक्षवेल_पिंपळगाव
नव्हता. २१२.

सिडकोचा_राजा
ताई, ती फाइल मलाही पाठवा ना. सासऱ्यांची दिंडोरीला बाग आहे.