तीनशे दोनमधील पंखा: सोसायटीच्या ग्रुपवरील चार दिवस

मंगळवार

फ्लॅट २०२, रात्री ११:४८
नमस्कार. इतक्या उशिरा संदेश पाठवत आहे, याबद्दल क्षमस्व. पण आज सलग नववी रात्र आहे. सासूबाईंच्या उशाकडच्या भिंतीतून घरघर ऐकू येते आणि मध्येच ती वाढते. दिवाळीत पंपाविषयी मी तक्रार केली, तेव्हा 'तुम्हालाच ऐकू येते' असे उत्तर मिळाले होते, म्हणून या वेळी २०१ मधील वहिनींना खोलीत बोलावून ऐकवले आहे. आवाज वरून येतो, एवढे नक्की.

फ्लॅट ४०१, रात्री ११:५३
ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.

फ्लॅट ३०२, रात्री ११:५९
काकू, तो आवाज बहुधा माझ्या संगणकाच्या पंख्याचा आहे. उद्यमनगरातील फाउंड्रीसाठी मी साच्यांची गणिते करतो. धातू साच्यात कसा वाहील आणि कुठे आधी थिजेल, हे तपासायला संगणक रात्रभर चालू ठेवावा लागतो. हातातले काम शनिवारी द्यायचे असल्याने तो आज बंद करता येणार नाही, पण आजींना त्रास होत असेल तर मी स्वस्थ बसणार नाही. उद्या सकाळीच बघतो.

फ्लॅट २०१, रात्री १२:०४
पंपाचा विषय निघालाच आहे, तर त्याच्या खालचे रबर बदलायचे ठरले होते, त्याचे काय झाले?

सचिव, रात्री १२:०६
वहिनी, तो विषय रविवारच्या सभेत घेऊ. सध्या एकाच आवाजाविषयी बोलावे, ही विनंती.

बुधवार

फ्लॅट ४०१, सकाळी ७:१०
मर्यादा ४५ डेसिबल आहे. संगणकाचा डबा, म्हणजे कॅबिनेट, लाकडी कपाटात ठेवून दार लावून घेतले, की प्रश्न मिटतो. आमच्या मेहुण्यांनी तसेच केले आहे.

फ्लॅट ३०४, सकाळी ७:२२
काका, तसे कृपया सुचवू नका. बंद कपाटात तीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत ओढली जाते, प्रोसेसर तापतो, पंखा आणखी जोराने फिरतो आणि आवाज वाढतो. त्याहून तापल्यास प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे दादांचे रात्रभराचे काम दुपारपर्यंत लांबेल. गोधडी गुंडाळण्याचाही हाच परिणाम होतो.

फ्लॅट ४०१, सकाळी ७:२५
हा संदेश हटवण्यात आला आहे.

फ्लॅट १०४, सकाळी ८:०५
मी तीस वर्षे मशिनशॉपमध्ये काढली आहेत, त्यामुळे दोन शब्द लिहितो. आवाज दोन वाटांनी जातो, हवेतून आणि अंगातून. हवेतला आवाज त्याच खोलीत जास्त ऐकू येतो. जो खालच्या मजल्यावर उशाशी पोचतो, तो लोखंड आणि भिंत धरून गेलेला असतो. ३०२, तुमचे कॅबिनेट कशावर ठेवलेले आहे?

फ्लॅट ३०२, सकाळी ८:११
अण्णा, भिंतीत ठोकलेल्या लोखंडी मांडणीवर. खाली थेट काकूंची ती खोली येते.

फ्लॅट १०४, सकाळी ८:१४
मग काहीही विकत आणण्याआधी एक करून बघा. कॅबिनेट दोन मिनिटे उशीवर ठेवा, तळाची जाळी झाकली तरी तेवढ्या वेळात काही बिघडत नाही. त्याच वेळी काकूंना फोन लावा आणि त्यांना भिंतीवर तळहात ठेवायला सांगा.

फ्लॅट २०२, सकाळी ८:४०
अण्णा, करून पाहिले. हाताला लागणारी झिणझिण पूर्ण थांबली आणि आवाज निम्म्याहून कमी झाला. उशी काढताच सगळे पूर्ववत.

फ्लॅट ४०१, सकाळी ८:४४
म्हणजे ४५ डेसिबलच्या वर होता.

फ्लॅट ३०२, सकाळी ९:०२
काका, काकूंच्या खोलीत जाऊन मोबाइलवर मोजले, तेव्हा आकडा ३८ दिसला. मोबाइलचे मोजमाप अचूक नसते, हे मला मान्य आहे.

फ्लॅट २०२, सकाळी ९:०६
आकडा मर्यादेत आहे म्हणून म्हाताऱ्या माणसाला झोप लागते, असे नाही. दिवाळीतही मला आकडाच दाखवला होता.

फ्लॅट ३०२, सकाळी ९:०९
काकू, आकडा पुढे करून मी अंग काढून घेत नाही. मांडणी आजच रिकामी करतो.

फ्लॅट २०३, सकाळी ९:३०
पायांखाली घालायला जुनी कोल्हापुरी चप्पल कापून दिली तर चालेल का? घरात तीन जोड पडून आहेत.

फ्लॅट १०४, सकाळी ९:३६
चामड्याचा तळ कठीण असतो, तो थरथर पुढे ढकलतो. स्लिपरचा स्पंजासारखा तळ दाबला की बसतो आणि सोडला की उठतो, म्हणून तो उपयोगी पडतो. दोन इंचांचे चार तुकडे कापा. कॅबिनेट जमिनीवर, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा आणि तळाची जाळी मोकळी राहू द्या. संध्याकाळी मी वर येतो.

फ्लॅट १०४, रात्री ९:२०
सर्वांच्या माहितीसाठी सविस्तर लिहितो. संगणक बंद करून, वायर काढून कॅबिनेट उघडले. प्रोसेसरवरील हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पट्ट्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता. बोटाने उचलला तर अखंड निघाला. हवेला जायला वाटच नव्हती, म्हणून पंखा पूर्ण वेगाने फिरत होता. थर मऊ ब्रशने काढला. ब्लोअर वापरणाऱ्यांनी पाती पेन्सिलीने अडवून धरावीत, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरतो आणि बेअरिंग खराब होते.

मागचा ८० मिलिमीटरचा पंखा हातात घेऊन बोटाने फिरवला, तर दोन फेऱ्यांत अडकून थांबला. पात्यांचा गोल दोन बोटांत धरून हलवला, तेव्हा किंचित खडखड लागली. हा साध्या बुशाचा, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या नळीचा, पंखा आहे, त्यातले तेल सुकले होते. मधला गोल कागद अर्धा सोलला, खाली रबराची टिकली होती, ती सुईने उचलली. आत काळपट, चिकट राळ. ती कापसाने पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडला, दहा मिनिटे पंखा हाताने फिरवला आणि टिकली परत बसवली. आता तो डझनभर फेऱ्या घेतो.

फ्लॅट २०१, रात्री ९:२८
अण्णा, खोबरेल चालले नसते का? घरात तेच असते.

फ्लॅट १०४, रात्री ९:३१
नाही, वहिनी. ते २४-२५ अंशांखाली थिजते. थंडीत तुमच्या बाटलीत थिजते, तसे बुशातही थिजेल. शिवाय काही दिवसांत चिकट होईल. शिवणयंत्राच्या तेलानेसुद्धा काही महिनेच निभावते, कारण झिजलेला बुश तेलाने भरून येत नाही. पंखा बदलावाच लागेल.

फ्लॅट ३०४, रात्री ९:४५
बदलायचाच असेल, तर दादांच्या कॅबिनेटला मागे १२० मिलिमीटरची भोकेही आहेत, मी पाहिली आहेत. मोठा पंखा संथ फिरूनही तेवढीच हवा काढतो. पंख्याचा वेग निम्मा केला, तर वाऱ्याचा आवाज साधारण १५ डेसिबलनी उतरतो, हवा मात्र निम्मीच घटते. म्हणून वेग जिथे कमी करता येईल तिथे तो करावाच. चार पिनांचा पंखा घ्या, म्हणजे तापमानानुसार वेग किती ठेवायचा, हे बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, ठरवता येईल. आवाज मध्येच वाढतो, असे काकू म्हणतात, तो वेग एकदम वर उडी घेतो म्हणून. ती चढण सावकाश ठेवली, की कानाला खुपत नाही.

फ्लॅट ४०१, रात्री ९:५२
पॉवर सप्लायच्या डब्यातही एक पंखा असतो, तोही उघडून तेल घालावे.

फ्लॅट १०४, रात्री ९:५४
तो डबा घरी कोणीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि तिचा झटका जिवावर बेतू शकतो. हे मी सर्वांना कळकळीने सांगतो, विशेषतः ज्यांच्या घरात मुले आहेत त्यांना.

फ्लॅट ४०१, रात्री ९:५८
हे मला माहीत नव्हते. धन्यवाद, अण्णा.

गुरुवार

फ्लॅट ३०२, रात्री १०:१५
राजारामपुरीतून १२० मिलिमीटरचा पंखा आणला. तो पत्र्याला थेट स्क्रूने आवळला नाही. सायकलच्या फाटक्या ट्यूबमधून वॉशर कापून प्रत्येक स्क्रूच्या दोन्ही बाजूंना घातले आणि चौकटीभोवती ट्यूबचीच पट्टी लावली. अण्णांनी बजावल्याप्रमाणे स्क्रू घट्ट पिळले नाहीत, कारण रबर चेपून टाकले, की ते पत्र्यासारखेच वागते. हीटसिंकखालची, प्रोसेसरची उष्णता त्याच्याकडे नेणारी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. काल याच कामात प्रोसेसर ८१ अंशांवर होता, आज ६९ वर आहे, आणि पंखा मिनिटाला साधारण ८०० फेऱ्यांवर फिरतो आहे. काकू, आज रात्री ऐकून सांगा. माझी भीड बाळगू नका.

फ्लॅट ४०१, रात्री १०:२०
मर्यादा ४५ डेसिबल आहे, एवढेच पुन्हा नमूद करतो.

सचिव, रात्री १०:२२
काका, नियम सर्वांच्या लक्षात आला आहे.

शुक्रवार

फ्लॅट २०२, सकाळी ६:५०
भिंतीवर हात ठेवला, काही लागत नाही. घरघरही गेली. पहाटे तीनच्या सुमारास सगळीकडे शांत असताना खिडकीतून बारीक शीळ आली, पण ती मी मुद्दाम कान देऊन बसले होते म्हणून कळली. सासूबाई सहापर्यंत सलग झोपल्या. उठल्यावर त्यांनी विचारले, 'वरचा मुलगा गावाला गेला का गं?'

फ्लॅट १०४, सकाळी ७:०२
ती शीळ पंख्यामागच्या ठोकलेल्या पत्र्याची. भोके बारीक आहेत, हवा कडांवर आपटते. तो भाग कापून तारेची गोल जाळी लावली, की जाईल. कापताना मदरबोर्ड बाहेर काढावा लागेल, लोखंडाचा कीस त्यावर पडता कामा नये. शनिवारी काम देऊन झाले, की रविवारी कात्री घेऊन येतो.

फ्लॅट ३०२, सकाळी ७:०८
अण्णा, या, मी वाट बघतो. काकू, आजींना सांगा, मी घरीच आहे. संध्याकाळी येऊन भेटतो.