मदत हवी आहे: 'वेअरवुल्फ बाय नाइट'चा जॅक रसेल आणि त्याच्यासारखी इतर मुलं

नमस्कार मंडळी,

मार्व्हल कॉमिक्समधल्या जॅक रसेलवर, म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या मुलावर, मोठा लेख लिहायला घेतलाय, पण एका मुद्द्यावर गाडं अडलंय. जाणकारांनी हातभार लावावा ही विनंती.

ज्यांनी हे पात्र वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या कॉमिक्स कोडने, म्हणजे कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवर लादून घेतलेल्या नियमावलीने, १९५४ पासून वेअरवुल्फ, व्हॅम्पायर वगैरे मंडळींवर बंदी घातली होती. १९७१ मध्ये नियम सैल झाले आणि लगेच फेब्रुवारी १९७२ च्या 'मार्व्हल स्पॉटलाइट' क्रमांक २ मध्ये जॅक अवतरला. लेखन गेरी कॉन्वे, चित्रं माइक प्लूग. अठराव्या वाढदिवशी त्याला वडिलांकडून आलेला शाप लागू होतो आणि पौर्णिमेच्या आसपासच्या तीन रात्री तो लांडगा होतो. त्याच सुमारास आई मोटारीच्या अपघातात जाते. मरताना ती वडिलांचं गुपित सांगते आणि सावत्र वडिलांच्या, म्हणजे फिलिपच्या, केसालाही धक्का लावणार नाहीस असं वचन घेते. अपघातामागे कोण याबद्दल जॅकचा तर सगळा संशय फिलिपवरच! डोक्यात राग, पायात वचनाची बेडी आणि रात्री हातांवर ताबा नाही. अठराव्या वर्षी एवढं सगळं एकदम अंगावर येतं.

आता माझी अडचण. सुरुवातीच्या अंकांत कथा जॅक स्वतःच सांगतो. चौकटीत फाटक्या पँटमधला लांडगा कुणाच्या तरी अंगावर झेप घेत असतो आणि वरच्या पट्टीत मुलगा 'मी' म्हणून बोलत असतो. प्राण्याची भूक, संताप, भीती, सगळं 'मी'च्याच तोंडून. हल्कमध्ये असं होत नाही. तिथे हल्कमध्ये बदलणारा शास्त्रज्ञ बॅनर आणि हल्क एकमेकांना वैरी मानतात, त्यामुळे 'हे त्याने केलं, मी नाही' म्हणायला जागा उरते. जॅकला ती पळवाट नाही. दुसऱ्या दिवशी जागा होतो तेव्हा काल रात्रीचा हिशोब त्याच्याच नावावर असतो. मला वाटतं या पात्राचा जीव इथेच आहे. आपलं शरीर आपलं ऐकत नाही आणि तरी जबाबदारी आपलीच, हे त्या वयातल्या मुलांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

यात धाकटी बहीण लिसा आली की गोष्ट आणखी गहिरी होते. शाप रक्तातून आलेला, म्हणजे अठरा पूर्ण झाल्यावर तिचीही पाळी येणार ही टांगती तलवार. जॅकची उपायासाठीची धडपड त्यामुळे निव्वळ स्वतःपुरती राहत नाही.

तर विचारायचं आहे ते असं. रूपांतर झालेल्या अवस्थेतलं निवेदन त्या मुलाच्याच तोंडी ठेवलंय, अशी दुसरी किशोरवयीन पात्रं कोणती? आणि जॅकच्या मूळ मालिकेतला नेमका कोणता भाग तुलनेला घ्यावा? सगळे ४३ अंक लेखात बसणार नाहीत.

प्रतिसाद १:
'स्पॉटलाइट' २ ते ४ आणि मग सप्टेंबर १९७२ पासूनच्या स्वतंत्र मालिकेचे पहिले चार अंक एका दमात वाचा. हा सलग कॉन्वेचा भाग आहे आणि घरातली घुसमट इथेच सगळ्यात दाट आहे. पुढे लेखक बदलत गेले, विसाव्या अंकापासून डग मेंच आला आणि सूर बदलला. १५व्या अंकाची कथा 'टूम ऑफ ड्रॅक्युला' १८ मध्ये सुरू होते, म्हणून आधी तो घ्या. तिथे जॅक ट्रान्सिल्व्हेनियात पूर्वजांच्या घरी जातो. लोक ३२वा अंक शोधत असतात कारण त्यात मून नाइट हा मार्व्हलचा नायक पहिल्यांदा आला, पण तुमच्या विषयाला त्याचा फारसा उपयोग नाही.

प्रतिसाद २:
'मी'च्या निवेदनाचं ठाऊक नाही, पण रेन सिंक्लेअरला वगळू नका. मार्व्हलच्याच १९८२ च्या 'न्यू म्युटंट्स'मधली स्कॉटिश मुलगी, क्रिस क्लेरमाँट आणि बॉब मॅक्लाउड यांची. ती हवं तेव्हा लांडगी होते, अर्धी किंवा पूर्ण, आणि शुद्ध हरपत नाही. म्हणजे जॅकच्या बरोब्बर उलट. तरी ती जॅकइतकीच घाबरलेली, कारण रेव्हरंड क्रेग या धर्मोपदेशकाने तिला पापाच्या धाकात वाढवलंय. ताबा असूनही स्वतःची किळस वाटणारी मुलगी तुमच्या मांडणीला छेद देईल, म्हणूनच ती लेखात हवी.

प्रतिसाद ३:
मार्व्हलचाच रॉबी रेयेस बघा. २०१४, फेलिपे स्मिथ आणि ट्रॅड मूर. पूर्व लॉस एंजेलिसचा मुलगा, धाकट्या भावाला, गेबला, एकट्याने सांभाळतो. घोस्ट रायडर, म्हणजे जळत्या कवटीचा सूड घेणारा स्वार, होतो तो मोटारसायकलवर नाही, काळ्या चार्जर गाडीत. अंगात शिरलेला आत्मा खुनी एली मॉरोचा, आणि तो सतत कान भरत असतो. इथे 'मी' एकटा नाहीच, आतल्या आत भांडण चालू असतं. शिवाय २०२० मध्ये टॅबू आणि बी. अर्ल यांनी नवा वेअरवुल्फ आणला, जेक गोमेझ, ॲरिझोनातला, होपी या मूळ अमेरिकन जमातीच्या वंशाचा मुलगा. चारच अंक आहेत, तेव्हा वाचून होतील.

धागाकर्ता:
मनापासून आभार! रेनचा मुद्दा फार मोलाचा. मी ताबा नसण्यालाच सगळं महत्त्व देत होतो. तिच्यामुळे प्रश्न असा होतो की राक्षस आहेस हे मुलाला कोण सांगतं: चंद्र, की घरातली मोठी माणसं? जॅकच्या बाबतीत आईने वडिलांचं गुपित इतकी वर्षं लपवलं, रेनच्या बाबतीत क्रेगने नको ते मनात भरवलं. रॉबीकडे तर सांगणारं मोठं माणूसच नाही, आतला खुनी सोडला तर. लेखाची मांडणी आता याच क्रमाने करतो.

एक शेवटची विनंती. मूळ अंकांत वाचकांच्या पत्रांचं पान असायचं, पण माझ्याकडच्या संकलित आवृत्तीत ते नाही. कुणाकडे १९७२-७३ चे मूळ अंक असतील तर त्या पानावर जॅकच्या वयाच्या मुलांनी काय लिहिलंय ते वाचून सांगाल का? विशेषतः आईला दिलेल्या वचनाबद्दल कुणी काही म्हटलंय का, ते मला हवंय.