मदत हवी आहे : रक्तातल्या फॅटी ॲसिडची तपासणी सांगली-मिरजेत होते का?

वय ४३. आईला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, म्हणून मी जरा जास्तच सावध. माझी मॅमोग्राफी गेल्या महिन्यात झाली, नॉर्मल आहे. तेव्हा "आधी डॉक्टरांना दाखवा" नको, दाखवून झालंय.

ओमेगा-३, ट्रान्स फॅट अशा फॅटी ॲसिडचं (म्हणजे चरबीच्या घटकांचं) रक्तातलं प्रमाण आणि या कॅन्सरचा धोका यांचा संबंध तपासला जातो, असं वाचलं. विश्रामबागच्या लॅबमध्ये विचारलं तर त्यांनी लिपिड प्रोफाइलच करून दिलं. त्यात कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड येतात, कुठलं फॅटी ॲसिड किती ते येत नाही. मिरजेतही दोन ठिकाणी तेच उत्तर.

घरी घाण्याचं शेंगदाणा तेल, जेवणात जवसाची चटणी. मासे खात नाही. (भडंग सुटत नाही, त्यावर बोलू नका!) गोळ्या कुठल्याच चालू नाहीत.

लाल पेशींमधल्या फॅटी ॲसिडची तपासणी कुणी केली आहे का? नमुना इथून पुण्या-मुंबईला पाठवतात का, खर्च किती, उपाशीपोटी द्यावा लागतो का? आणि मुख्य म्हणजे, रिपोर्ट पाहून तुमच्या डॉक्टरांनी खरंच काही बदललं, की कागद नुसता फाइलला लागला?