मदत हवी आहे: सव्विसावा आठवडा, साखर १५२ आणि आईचे डिंकाचे लाडू

नमस्कार. पहिलंच बाळंतपण आहे, सव्विसावा आठवडा चालू आहे. गेल्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी रक्त दिलं, साखर १५२ आली. १४० किंवा वर गेली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. डॉक्टरांनी अजून औषध दिलेलं नाही. दोन आठवडे खाणं सांभाळा, जेवणानंतर चाला आणि घरच्या मशीनवर बघून वहीत लिहा, मग ठरवू, असं म्हणाल्या. वजनावरूनही बोलल्या. उंची १५७ सेंमी, दिवस राहिले तेव्हा वजन ६८ किलो. अशा बाईचं नऊ महिन्यांत ७ ते साडेअकरा किलो वाढलं की पुरे. माझं आत्ताच ९ किलो वाढलंय.

आहाराचा कागद मिळाला, त्यात ओट्स आणि किन्वा. आमच्याकडे सात माणसांचा एकत्र स्वयंपाक होतो. सासूबाई माझ्यासाठी वेगळं करतीलही, पण मला आमच्याच ताटातलं खाऊन हे जमवायचंय.

वहीतलं थोडं लिहिते. उपाशीपोटी ८८, म्हणजे ठीक (९५ च्या आत हवी). खाल्ल्यानंतर तासाभराने १४० च्या आत हवी. दोन वाट्या पोहे आणि चहा: १५६. नाचणीचं सत्त्व, गूळ घालून: १६८. इथे मला रडूच आलं, कारण पौष्टिक म्हणून ते महिनाभर रोज पीत होते. एक ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेपूची भाजी, ताक: ११९. म्हणजे दुपारचं जेवण जमतंय. अडतंय ते सकाळी, आणि संध्याकाळी पाचला, तेव्हा भुकेने हात थरथरतात.

आणि आई. तिने साताऱ्याहून दोन डबे डिंकाचे लाडू पाठवलेत. खारीक स्वतः कुटलेली, खोबरं मंद आचेवर भाजलेलं. रोज फोनवर विचारते, "आज किती खाल्लेस? दोन जिवांची आहेस." चार दिवस मी "दोन" असं खोटं सांगतेय. तिला कसं सांगू? पुढच्या महिन्यात डोहाळजेवण आहे, तेव्हा काय करू? ज्यांनी हे निभावलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, माझ्या दुसऱ्या वेळी हेच झालं होतं. आधी एक सांगते, घाबरून जेवण कमी करू नकोस, बाळाला ते हवंच असतं. पोहे सोडायची गरज नाही. एकच वाटी घे, त्यात मूठभर मोड आलेले मूग आणि शेंगदाणे, शेजारी उकडलेलं अंडं. नाहीतर मुगाचं धिरडं आणि दही. सत्त्व पातळ असतं, पटकन रक्तात उतरतं, आणि गूळ शेवटी साखरच. तीच नाचणी भाकरीत खा, उसळीबरोबर, आणि तासाने मोजून बघ. पाच वाजेपर्यंत थांबू नकोस, चारलाच फुटाणे किंवा वाटीभर दही घे. मी प्रत्येक जेवणानंतर गच्चीत पंधरा मिनिटं चालायचे, त्याने आकडा खरंच खाली यायचा. हात फारच थरथरले तर तेव्हाही साखर बघ आणि डॉक्टरांना कळव. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी असते, ती टाळू नकोस.

प्रतिसाद

पोह्यांबरोबर चहा लिहिलाय म्हणून विचारते, लोहाची गोळी त्याच वेळी घेता का? चहाने लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही तिच्यासोबत नको, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, साखर न घालता.

मूळ लेखिका

दोघींचे मनापासून आभार. गोळी खरंच चहाबरोबर घेत होते. आज मुगाचं धिरडं आणि दही: १२४!

दुपारी आईला फोन करून वहीतले सगळे आकडे वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लाडू घरच्यांना वाट. मी आता काय पाठवू ते सांग, रविवारी तुझा भाऊ येतोय." जवसाची आणि कारळ्याची चटणी सांगितली आहे. डबा मोठा आहे, आणखी काय मागवू?