मदत हवी आहे: आई-बाबा लंकावीला उतरणार, फुकेतहून परतणार. तिकीट अडलंय

डोलकाठी, सायं. ६:१२
बडोद्याचा एजंट ऐकायलाच तयार नाही. म्हणतो परतीचं तिकीट मलेशियातूनच पाहिजे, नाहीतर अहमदाबादला काउंटरवर थांबवतील. आई-बाबा विमानाने लंकावीला (मलेशिया) येणार, मग आम्ही राहतो त्या शिडाच्या बोटीने वर, फुकेतहून (थायलंड) घरी. भाडं रात्री बारापर्यंतच धरलंय. कुठला कागद दाखवला की काम होतं? कृपया फक्त तिकिटाबद्दल सांगा, बोट कशी चालवायची ते मला माहीत आहे.

सुरसागर, ६:२०
महिना कोणता? वयं किती? किती दिवस? बोट एका सांगाड्याची की कॅटमरान (दोन सांगाड्यांची)? पासपोर्ट भारतीयच ना? काहीच लिहिलं नाहीस.

डोलकाठी, ६:२४
जानेवारी. १४ दिवस. भारतीय पासपोर्ट. बाकीच्याचा तिकिटाशी काय संबंध?

ग्वाल्हेरचा_किल्ला, ६:३१
वडीलधाऱ्यांना छोट्या बोटीत कशाला दमवता? मुंबईहून मोठं क्रूझ जहाज घ्या. लिफ्ट आहे, डॉक्टर आहे, शाकाहारी जेवण आहे. आम्ही सगळ्यांना हेच सुचवतो.

सुरसागर, ६:३३
किल्ल्यावरचे साहेब, मुलगा बोटीत राहतो आणि ते मुलाला भेटायला चाललेत. जहाज बघायला नाही.

नांगर_टाकला, ६:४५
आधी तिकिटाचं. काउंटरवरचा माणूस स्वतःच्या मनाने अडवत नाही. त्याच्या पडद्यावर 'टिमॅटिक' नावाची प्रणाली असते, त्यात त्या देशाची अट येते: 'परतीचं किंवा पुढचं तिकीट'. बोटीने बाहेर पडणं त्या चौकटीत बसत नाही, म्हणून तो अडतो. उपाय असे:

एक. जाण्यायेण्याचं एकाच पीएनआरवर काढा: अहमदाबाद–क्वालालंपूर–लंकावी आणि परत फुकेत–क्वालालंपूर–अहमदाबाद. एकाच पीएनआरवर परतीची तारीख ३० दिवसांच्या आत दिसली की प्रश्न बहुतेक तिथेच मिटतो. दोन वेगळी तिकिटं काढलीत तर काउंटरला फक्त एकच दिसतं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

दोन. कप्तानाचं पत्र: बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, झेंडा (नोंदणीचा देश), आई-बाबांचे पासपोर्ट क्रमांक, निघण्याची अंदाजे तारीख, पुढचं बंदर, सही. सोबत नोंदणीपत्राची प्रत. हे पत्र पूरक आहे, तिकिटाची जागा घेत नाही.

तीन. मलेशियाचा डिजिटल आगमन अर्ज (एमडीएसी) पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा. फुकट आहे. पैसे मागणारी साइट खोटी समजा. भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवस व्हिसा लागत नाही, पण ही सवलत मुदतीची आहे, म्हणून निघायच्या आठवड्यात सरकारी पानावर पुन्हा बघा. थायलंडचंही स्वतःचं डिजिटल आगमन कार्ड आहे, १ मे २०२५ पासून. तिथले व्हिसामुक्तीचे दिवस बदलत राहतात, तेही ताजंच बघायचं.

खजुरी_बाजार, ६:५२
डमी तिकीट काढा ना भिया. दोनशे-चारशे रुपयांत मिळतं.

नांगर_टाकला, ६:५५
नको. पीएनआर तपासला की काही तासांत रद्द झालेला दिसतो आणि मग दोन्ही म्हाताऱ्यांना बॅगांसकट बाजूला उभं करतात. पूर्ण परतावा मिळणारं खरं तिकीट काढून नंतर रद्द केलं तर ते कायदेशीर आहे. डमी ही भानगडच आहे.

भरती_ओहोटी, ७:०८
सगळे कागदावर बोलताय. मुळात १४ दिवसांत त्यांना फुकेतला नेणं हीच चूक आहे. बोटीवरच्या पाहुण्याला एकतर तारीख मिळते किंवा बंदर मिळतं. दोन्ही बांधून घेतलंत की बिघडलेलं हवामानसुद्धा झेलत निघावं लागतं, कारण सतरा तारखेला विमान आहे!

लंकावी ते चालोंग (फुकेतचं बंदर) सुमारे १२० सागरी मैल. ताशी ५ मैलांनी २४ तास. रात्रभर चालवणार नसाल तर लिपे, रॉक, फी फी अशा बेटांचे टप्पे, पहिलाच टप्पा लिपेपर्यंत सुमारे ३० मैल, म्हणजे सहा तास. जानेवारीत ईशान्येचा वारा किनाऱ्यावरून येतो, समुद्र सपाट असतो, हे खरं. पण तुमचा मार्ग वायव्येला, म्हणजे वारा उजवीकडून आडवा आणि बोट दिवसभर डावीकडे १०-१५ अंश कललेली. पंचविशीतल्या माणसाला तो कल मजेचा वाटतो. गुडघ्याच्या दुखण्याला वाटत नाही.

डोलकाठी, ७:१५
गुडघ्याचं तुम्हाला कसं कळलं?

भरती_ओहोटी, ७:१६
दोन्ही पिढ्या बडोद्याच्या आणि आई सत्तरीच्या आसपास असेल तर अंदाज चुकत नाही. आता खरं सांगा.

डोलकाठी, ७:२२
आई ७१, दोन्ही गुडघे, जिने चढते पण हाताला काहीतरी लागतं. बाबा ७६, इन्सुलिन घेतात, प्रोस्टेटची गोळी पण आहे. ३८ फुटी, एकाच सांगाड्याची. पाणी ३५० लिटर, पाणी बनवायचं यंत्र नाही. आम्ही दोघं, ते दोघं.

सुरसागर, ७:२५
हे सगळं पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं राव.

निम_खारट, ७:३४
इन्सुलिनपासून सुरू करते. न उघडलेलं २ ते ८ अंशांत. उघडलेलं पेन ३० अंशांपर्यंत सुमारे २८ दिवस चालतं, पण जानेवारीतही बंद केबिनमध्ये ३२ अंश सहज होतात. बोटीच्या फ्रीजमध्ये बाटली थंड प्लेटला चिकटली की गोठते, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी, फेकून द्यायचं. म्हणून डब्यात रुमालात गुंडाळून प्लेटपासून लांब, मधल्या थरात ठेवा आणि एक छोटा थर्मामीटर आत टाका. विमानात कायम हातातल्या पिशवीत. औषधाचं मूळ नाव असलेली चिठ्ठी सोबत.

प्रोस्टेट आहे म्हणून आणखी एक. बोट लागू नये म्हणून कानामागे लावायची पट्टी (हायोसिन) सगळे सुचवतील. तिच्याने लघवी अडू शकते, काचबिंदू असेल तर डोळ्याचा दाब वाढू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सिनारिझिनची गोळी भारतात मिळते, प्रवासाच्या दोन तास आधी घेतात, पण झोप येते. कंपवात असेल तर तीही टाळायची. घरी एकदा, जिना उतरायचा नसेल अशा दिवशी, घेऊन बघा.

खजुरी_बाजार, ७:४१
गोळ्याबिळ्या काही नको. आलेपाक. दर तासाला एक वडी.

निम_खारट, ७:४४
आलेपाक चांगलाच, पण त्यात साखर किती आणि बाबा इन्सुलिनवर, हे लक्षात आहे ना? सुंठ चघळायला द्या.

खजुरी_बाजार, ७:४६
बरोबर. माघार.

भरती_ओहोटी, ७:५८
आता पाण्याचा हिशोब करा. शॉवरचा पंप मिनिटाला ६-८ लिटर ओढतो. चार जण, रोज माणशी २५ लिटर धरले तरी १०० लिटर, म्हणजे साडेतीन दिवसांत टाकी कोरडी. इथे आपलं घराणं कामी येतं: बादली आणि तांब्या. कॉकपिटमध्ये खाली बसून तांब्याने अंघोळ केली तर सहा लिटर पुरतात आणि बडोद्याच्या माणसाला शिकवावं लागत नाही. भांडी समुद्राच्या पाण्याने, शेवटची खळबळ गोड्या पाण्याने. बंदरातून निघताना टाकी काठोकाठ भरा आणि १० लिटरचे दोन कॅन वेगळे बांधून ठेवा. टाकी बिघडली तर पिण्याला तेवढं तरी हाताशी.

मांडवी_मधली, ८:०५
संडासाबद्दल कोणी बोलत नाही. तिथेच भांडण होतं. हाताने चालवायचा असेल तर आधी कळ ओल्या बाजूला, १५-२० वेळा पंप. मग कोरड्या बाजूला, भांडं रिकामं होईपर्यंत. शेवटी कळ कोरड्यावरच ठेवायची, नाहीतर पाणी परत भरून येतं. पुरुषांनीही बसून. कागद भांड्यात नाही, झाकणाच्या डब्यात. पाण्याने धुणारे असल्याने कागद कमी लागतो, तो फायदाच. चित्र काढून, मराठीत लिहून दारावर चिकटवा. तोंडी सांगितलेलं तिसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. जोकर व्हॉल्व्ह नावाचा रबरी तुकडा सगळ्यात आधी जातो. एक राखीव असू द्या.

मकरपुरा_फिटर, ८:१२
राखीव सामान आई-बाबांच्या बॅगेतून मागवणार असाल तर यादी मला टाका. इंजिनच्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक) असेल तर पंपावरच्या पट्टीचा नंबर, पाकळ्या किती, बाहेरचा व्यास, रुंदी, आणि दांड्याला चावी आहे की दाते. 'अमुक इंजिनचा' एवढंच सांगून आणलेला बसत नाही. होज क्लिप (पाइप आवळायच्या पट्ट्या) ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या आणि स्क्रूसुद्धा ३१६ आहे का ते विचारा. बऱ्याच क्लिपांची पट्टी चांगली असते आणि स्क्रू साधा, तोच आधी गंजतो. चुंबकाने ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाही. ३१६ मध्ये २-३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्याच्या थेंबाच्या चाचणीने कळतं, ती बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत करून मिळते. फ्लेअर (संकटात पेटवायचे इशाऱ्याचे दिवे) विमानात अजिबात नाहीत. लाइफ जॅकेटचे गॅस सिलिंडर विमान कंपनीला आधी विचारून, लेखी. पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

डोलकाठी, ८:२०
यादी पाठवतो. पण तिकीट!

दांडिया_बाजार, ८:२४
अवांतर: बोट दहेज बंदरात का आणत नाही? बडोद्यापासून रस्त्याने जवळ. आई-बाबा घरीच राहतील, तुम्हीच या.

भरती_ओहोटी, ८:३३
खंभातचं आखात. भावनगरला भरती-ओहोटीत दहा मीटरच्या पुढे फरक पडतो, ओढ अशी की ३० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण लावूनही बोट मागे जाते, आणि खाली सरकता गाळ. घोघा–दहेज फेरी २०१७ मध्ये मोठ्या थाटात सुरू झाली, गाळाने दहेजचं पाणी उथळ झालं आणि ती बंद पडली. २०२० मध्ये घोघा–हजिरा सुरू केली. जिथे फेरीचं हे झालं तिथे पाण्याखाली दोन मीटर जाणारी शिडाची बोट? नको.

दांडिया_बाजार, ८:३५
बरं बरं. विचारलं आपलं.

नांगर_टाकला, ८:५०
मूळ मुद्दा. फुकेतला बोटीने पोहोचलात तर आई-बाबा प्रवासी नाहीत, तुमच्या क्रू लिस्टवरची माणसं आहेत. म्हणून लंकावीहून निघताना त्यांची नावं यादीत घालून पासपोर्टवर मलेशिया सोडल्याचा शिक्का घ्यायचा. तो राहिला तर कागदावर ते अजून मलेशियातच. चालोंगच्या जेटीवर थायलंडचं इमिग्रेशन, कस्टम आणि बंदर खातं एकाच इमारतीत आहे, तिथे आत येताना नोंद. परत विमानाने जाताना आधी चालोंगला जाऊन त्यांची नावं यादीतून कमी करून घ्यायची, तिकीट दाखवून. हे विसरलात तर तुम्ही बोट घेऊन निघताना दोन माणसं कमी का, हा प्रश्न तुमच्याच गळ्यात.

एवढं जमणार असेल तर जा. नाहीतर भरती_ओहोटींचं ऐका.

भरती_ओहोटी, ९:०१
धन्यवाद. माझा आराखडा: परतीचं तिकीटही लंकावीहूनच, तारीख बदलता येणारं. पहिले तीन दिवस मरीनात (बोटी लावायच्या बंदरात), तरंगत्या पॉन्टूनला. शरीर सवय करून घेतं आणि विजेवर पंखा चालतो. मग दयांग बुंतिंगच्या बेटावर नांगर, किनाऱ्यावर गोड्या पाण्याचं तळं आहे, पण पायऱ्या आणि माकडं, आईला ठरवू द्या. एका दिवसात जास्तीत जास्त तीन तास शीड, दुपारी दोनपर्यंत नांगर खाली. फुकेत त्यांना नंतर विमानाने दाखवा.

ग्वाल्हेरचा_किल्ला, ९:०६
क्रूझ जहाजात हे काहीच करावं लागत नाही, एवढंच म्हणतो.

सुरसागर, ९:०७
हलके घ्या साहेब. 😀

मांडवी_मधली, ९:१५
आणि डिंगीतून (किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या होडीतून) बोटीवर चढायचं कसं ते बघितलंय का? लंकावीत पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास भरती-ओहोटीत जवळपास तीन मीटरचा फरक. पायऱ्यांच्या जेटीवर ओहोटीला खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तिथे घसरलं तर सुट्टी संपली. किनाऱ्यावर जायचं ते भरतीच्या आसपास, आणि शक्य तिथे तरंगत्या जेटीवर. डिंगीत आधी आई बसेल, मग पिशव्या. उतरताना उलटं. चप्पल नाही, मागे पट्टा असलेली सँडल.

डोलकाठी, ९:४०
एजंटशी बोललो. जाणं-येणं दोन्ही लंकावी, एकच पीएनआर, तारीख बदलायचे पैसे भरले. व्हीलचेअर आत्ताच लिहून घेतली. क्वालालंपूरला आत येण्याची तपासणी होऊन मग देशांतर्गत विमान, म्हणून मधे चार तास ठेवले. बायको म्हणते फुकेतचं माझ्याच डोक्यात होतं, आई-बाबांनी कधी म्हटलंच नव्हतं. असो. सिनारिझिन डॉक्टरांना विचारतो. आईने मेतकूट आणि भाजणी बांधायला घेतली आहे, ती मात्र तिकिटाची वाट बघत नव्हती.

मांडवी_मधली, ९:४४
मागच्या शिडीच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर किती?

डोलकाठी, ९:५८
मोजलं. ३१ सेंटिमीटर. सगळ्यात खालची पाण्याच्या वर १५.

मांडवी_मधली, १०:०३
गुडघ्याला ३१ जास्त होतं. १० मिलिमीटरच्या दोरीला लाकडी फळी बांधून मधे पायरी कर, आणि एक खाली, पाण्यात जाईल अशी. फळी हलू नये म्हणून दोरी शिडीच्या दोन्ही दांड्यांना आवळून. हाताला धरायला मागच्या कठड्यावरून गाठी मारलेला दोर सोड, गाठी वीस-वीस सेंटिमीटरवर. आणि आई यायच्या आधी कोणालातरी डिंगीतून चढवून बघ.

डोलकाठी, १०:०५
बायको चढतेय.